आधी पाना, मग पैसे

हल्ली बंगल्याच्या पार्किंगमध्ये, गच्चीवरच्या शेडमध्ये, गावाकडच्या पडवीतही टेबल सॉ दिसू लागला आहे. टेबलाच्या फटीतून गोल पातं वर आलेलं असतं, ते जागेवर फिरतं आणि लाकूड आपण ढकलतो. मशीन घरात आलं की थोड्याच दिवसांत हात शिवशिवू लागतात. भारी ब्लेड घ्यावं, चांगला फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची कड, बसवावा, असं वाटू लागतं. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आधी पाना हातात घ्या. नवं ब्लेड वाकड्या बसवलेल्या मशीनवर लावलं, तर ते वाकडंच कापणार.

पहिलं काम, प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. आता टेबलावरची लांब खाच पाहा, जिच्यातून मायटर गेज, म्हणजे आडव्या कापासाठी लाकूड टेकवायचा सरकता आधार, फिरतो. सगळी मापं या खाचेवरून घ्यायची, कारण ती टेबलातच कोरलेली आहे, हलत नाही. पातं पूर्ण वर करा आणि पुढच्या बाजूच्या एका दात्यावर खूण करा. गेजला एक सरळ लाकडी पट्टी घट्ट बांधून तिचं टोक त्या दात्याला जेमतेम टेकवा. मग पातं हाताने फिरवून तोच दाता मागे न्या, गेजही मागे सरकवा. टोक तसंच टेकलं, तर पातं खाचेला समांतर आहे. दाता तोच हवा. पातं स्वतः किंचित लहरत असेल, तर वेगवेगळ्या दात्यांवरची मापं फसवतात. फट राहिली, तर मोटारसायकलचे मेकॅनिक टॅपेटसाठी वापरतात त्या फीलर गेजने ती मोजता येते. ०.१ मिलिमीटरच्या आत आली की पुरे.

फरक जास्त असेल, तर पातं धरणारा सांगाडा सरळ करावा लागतो. बऱ्याच हलक्या मशीनमध्ये तो टेबलाला खालून बोल्टने टांगलेला असतो. एक बोल्ट थोडा धरून ठेवायचा, बाकीचे सैल करायचे आणि लाकडी ठोकळा लावून अगदी हळू ठोकायचं. जड कॅबिनेट सॉमध्ये सांगाडा खालच्या पेटीला जोडलेला असतो, तिथे वरचं टेबलच सरकवायचं. आवळताना सगळं पुन्हा हलतं, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजायचं. काम कंटाळवाणं आहे, पण एक सुट्टीची दुपार त्याला द्याच.

इतका आग्रह का, ते सांगतो. दहा इंची पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. आपल्या बाजूचे दाते खाली उतरताना लाकूड टेबलावर दाबतात. पलीकडचे दाते मात्र खालून वर येत असतात. फेन्स मागच्या टोकाला पात्याकडे झुकलेला असेल, तर फळी त्या चढत्या दात्यांवर चेपली जाते. दाते तिला उचलतात आणि थेट आपल्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. फळी पोटात बसते ते वाईटच. त्याहून वाईट म्हणजे तिच्याबरोबर हात पात्याकडे ओढला जाऊ शकतो. म्हणून नेमका काप आणि शाबूत बोटं ही दोन वेगळी कामं आहेत, असं मी मानत नाही. पात्यानंतर फेन्सही त्याच खाचेवरून जुळवा. समांतर ठेवा किंवा मागच्या टोकाला केसभर उघडा. आत झुकलेला कधीच नको.

लाकूडही साथ देतंच असं नाही. आत ताण असलेली फळी उभी चिरताना मागे मिटत जाते आणि पात्याला चिमटा घेते. त्यासाठी पात्यामागे रायव्हिंग नाइफ असतो, पात्याबरोबर वरखाली होणारी पोलादी पट्टी. अनेकजण ती काढून कोपऱ्यात ठेवतात. कृपा करून परत बसवा. नवं ब्लेड घेणाऱ्यांनी इथे एक हिशेब करायचा आहे. ही पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दात्यांनी पाडलेल्या चिरेपेक्षा बारीक असावी लागते. बारीक चिरेचं टीसीटी, म्हणजे कार्बाइडच्या दात्यांचं, ब्लेड आणलं आणि पट्टी जुनीच राहिली, तर लाकूड पट्टीवर अडतं. मग माणूस पट्टी काढून टाकतो! दुकानात जाताना पट्टीची जाडी आणि शाफ्टचं माप लिहून न्या. उभ्या कापाला साधारण २४ दाते, प्लायला आणि आडव्या कापाला ६० किंवा जास्त.

काटकोनासाठी गुण्यावर थांबू नका. प्लायच्या चौकोनाची एक बाजू मायटर गेजवर कापा, ती कापलेली बाजू गेजला लावून पुढची कापा, अशा चारही बाजू घ्या. पाचवा काप पुन्हा पहिल्या बाजूवर, बोटभर पट्टी निघेल असा. पट्टीच्या दोन टोकांची रुंदी कॅलिपरने मोजा. त्या फरकात चार कापांची चूक साठलेली असते. ४०० मिलिमीटरच्या पट्टीत ०.४ चा फरक आला, तर एका कापाची चूक ०.१ मिलिमीटर. गुण्या लावून एवढं डोळ्यांना दिसत नाही.

टेबल बिडाचं असेल, तर कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर पाहता पाहता तांबूस थर येतो. भुसा पडू देऊ नका, तो ओल धरतो. पेस्ट वॅक्सचा हात फिरवा. सिलिकॉनचा स्प्रे नको, तो लाकडाला लागला की पुढे पॉलिश नीट बसत नाही.

शेवटी पुन्हा बोटांची गोष्ट. अमेरिकेत २००४ पासून सॉस्टॉप नावाचा टेबल सॉ मिळतो. बोट लागताच ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सेकंदाच्या दोनशेव्या भागात थांबवतो. आपल्याकडे मात्र हातातली सर्क्युलर सॉ प्लायच्या टेबलाखाली उलटी बसवून काम करणारे खूप आहेत. त्यांना मी हात जोडून सांगतो, तिचा खटका दाबलेल्या स्थितीत बांधून ठेवू नका. वीज गेली की आपण सहज पात्याजवळचा भुसा झाडायला हात नेतो, आणि वीज आली की मशीन आपोआप सुरू होतं. नवं काही घ्यायचंच असेल, तर पहिला खर्च स्विचवर करा: वीज परत आली तरी पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारा, लाल बटण मोठं असलेला, आणि दोन्ही हात फळीवर असताना गुडघ्याने बंद करता येईल अशा उंचीवर बसवलेला.