मस्कतला दोन दिवस

आम्ही दोघी सख्ख्या जावा, श्रीवर्धन तालुक्यातल्या. आमचे दोघींचे नवरे ओमान देशात, मस्कतला कामाला आहेत. थोरले एसी दुरुस्तीवर, धाकटे गाडीवर. दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळते. मागच्या हिवाळ्यात आम्हीच दोन दिवस तिकडे जाऊन आलो. त्याबद्दल बोला, असं रेडिओवाल्या ताईंनी सांगितलं, म्हणून आलो आहोत.

आधी पैशांचं सांगतो, कारण तुम्ही तेच विचारणार. सुपारी सोलायच्या मजुरीतून आणि पापडांतून जमवलेले होते, कमी पडले तिथे बचत गटातून दोघींनी पंधरा-पंधरा हजार कर्ज काढलं. बैठकीत एक जण म्हणाली, "फिरायला कर्ज कशाला?" आम्ही म्हटलं, फिरायला नाही, नवऱ्याला भेटायला. म्हशीला कर्ज मिळतं, मग याला का नको? थोडी वादावादी झाली, पण ठराव झाला.

आमच्यातली एक सातवी शिकलेली. दहावी नसेल तर पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का असतो. नोकरीला नाही, भेटीला चाललो आहोत हे विमानतळावर दाखवावं लागतं. तेव्हा व्हिसा आणि परतीचं तिकीट हाताशी ठेवा. दुसरं म्हणजे, मसाला नेणार असाल तर त्यात खसखस घालू नका. आखातातल्या बऱ्याच देशांत खसखस अमली पदार्थात मोजतात, त्यापायी माणसं तुरुंगात गेलेली आहेत. आम्ही मुद्दाम खसखशीवाचून वेगळा मसाला कुटून नेला. सोबत कोकमं आणि तांदळाचं पीठ.

मुंबईहून मस्कतला विमानाने तीन तासही लागत नाहीत. आमच्या गावाहून मुंबईला यायला एसटी त्याच्या दुप्पट वेळ घेते! तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सुट्टी शुक्रवारची, रविवारची नाही. दोघांनी शनिवारची रजा मागून घेतली होती. ते राहतात तिथे एका खोलीत आठ माणसं, बायकांना राहता येत नाही. म्हणून रुवी भागात ओळखीच्या एका कुटुंबाने आपल्या घरातली एक खोली दिली. रात्री आम्ही दोघी तिथे आणि ते दोघं त्यांच्या खोलीवर. हेही सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही उगाच हसाल.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तिथली रोटी खायला नेलं. तिला रखाल म्हणतात. तापलेल्या लोखंडी तव्यावर ओल्या पिठाचा गोळा हातानेच फासतात, पातळ थर चिकटतो, बाकीचा गोळा उचलून घेतात. उलथण्याने सोडवली की कागदासारखी कुरकुरीत. आपण घावन घालतो तेव्हा पीठ ओततो, इथे पुसतात म्हणा. वर अंडं नाहीतर मध. हाताला चटका कसा बसत नाही, हे आम्ही उभं राहून पाहत होतो.

मग मत्राहच्या मासळी बाजारात गेलो. तिथे सुरमई, कुपा, तारली सगळी आपलीच मंडळी! नावं तेवढी वेगळी. भाव करायला आमची जीभ वळवळत होती, पण अरबी येत नाही. एका रियालचे हजार बैसा होतात, आणि बैसा हा शब्द आपल्या पैशावरूनच तिकडे गेलेला.

दुपारी मशुआई खाल्ली. अख्खी सुरमई विस्तवावर भाजतात आणि लिंबाच्या भातासोबत देतात. पडदा लावलेली छोटी खोली, खाली गालिचा, आणि मध्ये एकच मोठं ताट. चौघांनी त्यातच जेवायचं. आता धाकटीने थोरल्या दिरांसोबत एका ताटात हात कसा घालायचा? आमच्याकडे पुरुषांची पंगत उठल्यावर आम्ही बसतो. धाकटी पदर सावरत नुसतीच बसली. शेवटी थोरल्यांनीच माशाचा मधला तुकडा काटा काढून तिच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "इथे गाव नाही बघायला." मसाला बेताचा, धुराचा वास आत मुरलेला. थोरले सांगत होते की ईदला हे लोक मटण मसाला लावून, पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत पुरतात आणि एक-दोन दिवसांनी काढतात. आम्हाला आपली पोपटीच आठवली.

त्या जेवणात एक गोष्ट दिसली. धाकटे ज्या घाईने जेवत होते, ते आम्ही दोघींनी पाहिलं. एकमेकींकडे बघितलं आणि गप्प बसलो.

संध्याकाळी बाजारात हलवा चाखला. साखर, स्टार्च, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी, तासन्‌तास घोटतात. दुकानदाराने छोट्या कपात कहवा दिला, बिनदुधाचा, कडू. संपला की तो परत भरायचा. नको म्हणायला कप हलवायचा असतो, हे चौथ्या कपानंतर कळलं.

शनिवारी त्या घरच्या ताईंनी स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. आम्ही पीठ काढलं, तर थोरले म्हणाले, वरण मी करतो. गावी पाण्याचा तांब्या हातात लागणारा माणूस, लसूण ठेचून फोडणी देत होता! आठ जणांत पाळीने स्वयंपाक असतो म्हणे. आम्ही भाकऱ्या थापल्या, कोकमाचं सार केलं. आणि मग विचारलंच, रोज काय जेवता?

थोरले काही बोलेनात. धाकटे खाली बघून म्हणाले, पाच-सहा महिने रात्री खुब्ज आणि चहा. खुब्ज म्हणजे तिकडची स्वस्त रोटी. डब्याच्या वर्गणीतून नाव काढून घेतलं होतं, घराच्या स्लॅबसाठी. आणि फोनवर आम्ही रोज विचारत होतो, "जेवलात का?" ते म्हणत होते, "जेवलो." त्यात खोटं काही नव्हतं.

स्लॅबचा हट्ट आमचा दोघींचा होता. शेजारच्यांचा वरचा मजला झाला म्हणून. भाकरी तव्यावर करपली तरी कोणी उठेना. त्याच ठिकाणी ठरलं की स्लॅब थांबवायचा आणि धाकट्यांनी डब्यात नाव परत घालायचं. थोरल्यांना हे पटायला विमानतळापर्यंतचा रस्ता लागला. गवंड्याला दिलेला ॲडव्हान्स बुडेल, असं ते म्हणत होते. तो बुडालाच, अर्धा.

येताना हलव्याचा एक डबा आणला, बैठकीत सगळ्यांना दिला. कर्ज कशाला म्हणणारीने दोनदा मागितला. आमचे अजून पाच हप्ते बाकी आहेत.

आता शुक्रवारी व्हिडिओ कॉल लावतो तेव्हा "जेवलात का" विचारत नाही. भांड्यावरचं झाकण उघडा, म्हणतो. परवा तारलीचं तिखलं होतं, आमच्याच मसाल्यातलं. मीठ जास्त पडलं, असं धाकटे कुरकुरत होते. पाळी थोरल्यांची होती.