वगळलेल्या ओळींची कारणे

पोथीतील पाठ गाळताना संपादक तळटीप देतो. संगणकाच्या आज्ञावलीतही ही शिस्त आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्स लिहिले ते 80386 या प्रक्रियकाच्या यंत्रावर. डिसेंबर 2012 मध्ये त्याच प्रक्रियकाचा आधार लिनक्समधून काढण्यात आला. इंगो मोल्नार यांनी बदलासोबतच्या टिपणात कारण नोंदवले : या जुन्या प्रक्रियकापायी अनेक प्रक्रियकांच्या परस्परमेळाचे काम वर्षानुवर्षे किचकट होत होते. टोरवाल्ड्स यांचे मूळ यंत्र यापुढे नव्या आवृत्तीवर चालणार नाही, हेही त्यांनी लिहिले. (टोरवाल्ड्स यांना त्याची मुळीच खंत नव्हती!) तोट्याची ही नोंद मला कारणाहूनही मोलाची वाटते. ‘हे यंत्र आता कोण वापरतो?’ हे गृहीतक मनातच राहिले असते, तर जुने यंत्र जपणाऱ्याने दोष आपल्याच यंत्रात शोधला असता.