घरात वकील नसलेल्यांसाठी



तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात वकील नाही. माझ्याही नव्हता. वडील शिवणकाम करायचे; कोर्टाशी आमचा संबंध एवढाच की, बाजारात जाताना ती इमारत वाटेत लागायची. ज्याचे वडील किंवा काका वकील असतात, त्याच्या कानावर वकालतनामा, रोजनामा, उलटतपासणी हे सगळं जेवताना पडत असतं. आपल्याला ते कॉलेजातच मिळवावं लागतं. म्हणून प्रात्यक्षिक आपल्याला जास्त गरजेचं, हे माझं ठाम मत आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे इंटर्नशिप करावी लागते. शिवाय खटले प्रत्यक्ष बसून पाहणं, पक्षकारांच्या मुलाखतींची डायरी ठेवणं यांनाही गुण आहेत. आता खरं सांगा, ही डायरी किती जण सीनियरच्या वहीवरून उतरवतात? (हसताय म्हणजे उत्तर मिळालं.) ओळखीच्या वकिलाची सही आणून सर्टिफिकेट मिळतं. पण सनद मिळाल्यावर समोर पक्षकार बसतो, तेव्हा ती वही उपयोगी पडत नाही.

धरा, कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात एक बाई आल्या. नवऱ्याने तलाक दिलाय, त्या माहेरी राहतात, दोन मुलं आहेत. वर्गात हुशार असलेला विद्यार्थी लगेच शाहबानो खटला, १९८६ चा कायदा, डॅनियल लतीफी असं सुरू करतो. १० जुलै २०२४ चा निकालही त्याला पाठ असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली घटस्फोटित मुस्लिम स्त्री पोटगी मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलंय. हे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, हेही तो सांगतो. सगळं बरोबर. पण बाईंचा प्रश्न वेगळाच असतो: "सासर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, दर तारखेला तिकडे कोण जाणार?"

उत्तर कायद्यातच आहे. त्या जिथे राहतात, तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीही मागता येते. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, ही तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे.

यानंतर खरं काम सुरू होतं. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. नवरा गॅरेजमध्ये रोखीवर काम करतो; त्याची कमाई दाखवायची कशी? निकाहनाम्यावर बाईंचं नाव एक, आधारवर दुसरं, रेशनकार्डावर तिसरंच. त्याचं काय करायचं? आपल्याकडे नावांचा हा घोळ घरोघरी आहे आणि अर्ज त्यावरच अडतात. हे कागद बाईंशेजारी बसून एकेक करून लावताना मसुदालेखनाचा पेपर समजतो. तिचं बोलणं मध्येच तोडायचं नाही, हेही तिथेच कळतं. विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहून युक्तिवाद करता येत नाही, पण हे सगळं करता येतं.

मुलींना एक जादा सांगते. घरचे म्हणतील, कोर्टात पुरुषांची गर्दी असते, कशाला जातेस? पहिल्या आठवड्यात मैत्रिणीला सोबत न्या. वडिलांना एक दिवस कोर्ट दाखवून आणा. माझे वडील आले होते, दिवसभर मागच्या बाकावर बसले. त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही.

सुट्टी लागली की तालुका कोर्टात जा. कामकाज सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा, दारावर लावलेला बोर्ड वाचा, दोन खटले निवडा आणि त्यांच्या पुढच्या तारखा वहीत लिहून घ्या. त्या तारखांना पुन्हा जा.

आता प्रश्न विचारा, मी थांबते.