धूर गेला, ओझोन राहिला

(वाचनवर्गातले भाषण)



आपल्या बालाघाटाच्या डोंगरावर फाल्गुन-चैत्रात वणवा लागतो. रात्री तो दुरून दिव्यांच्या माळेसारखा दिसतो. पोरं बघत उभी राहतात. सकाळी डोंगर काळा झालेला असतो. दोन दिवसांनी धूरही दिसेनासा होतो. मग आपण म्हणतो, "गेला एकदाचा धूर."

पण गेला कुठे? आज तेवढेच सांगायचे आहे.

गवत, पाला जळताना नुसती राख आणि काजळी होत नाही. डोळ्यांना न दिसणारे वायूही निघतात. काही अर्धवट जळलेल्या पाल्याचे, काही नत्राचे. ह्या दोन्ही वायूंवर कडक ऊन पडले की हवेत तिसराच वायू तयार होतो. त्याचे नाव ओझोन. तो आगीतून निघत नाही, वाटेत शिजतो. सामान धुराचे आणि आच उन्हाची!

कोणी म्हणेल, ओझोन तर आपले रक्षण करतो. खरे आहे. पण तो ओझोन आकाशात, पंधरा ते पस्तीस किलोमीटर उंच असतो. तिथे तो उन्हातले घातक किरण अडवतो. छपरावरचा पत्रा छपरावरच बरा, घरात पडला तर डोके फोडील. वायू एकच, जागा वेगळी.

आता गंमत बघा. समजा, धारूरच्या डोंगरात वणवा लागला आणि वारा पूर्वेला, परळीकडे वाहतो आहे. आगीजवळ धूर एवढा दाट की ऊनच खाली येत नाही. तिथे डोळे चुरचुरतात, खोकला येतो, पण ओझोन फारसा तयार होत नाही. धूर पुढे जातो, पातळ होतो. परळीला विजेसाठी कोळसा जळतो, रस्त्यावर गाड्या धावतात. त्यांतूनही नत्राचे वायू निघतात. धुरातले वायू त्यांत मिसळतात, वरून ऊन तापते. आग एकीकडे लागते आणि ओझोन दुसरीकडे वाढू शकतो, तोही आभाळ स्वच्छ दिसत असताना. धूर किती लांब जातो म्हणाल, तर २०२३ साली कॅनडाच्या जंगलांतला धूर शेकडो कोस दूर न्यूयॉर्क शहरावर आला होता.

ओझोन दुपारी जास्त असतो, कारण ऊन. रात्री नवा तयार होत नाही. श्वासावाटे आत गेला की छाती दुखते, कोरडा खोकला लागतो. दमेकऱ्याचा दमा उसळतो. लेकरांना आणि म्हाताऱ्यांना त्रास अधिक. तोंडाला फडके बांधून राख थोडी अडेल, हा वायू अडत नाही. म्हणून अशा दिवसांत अंगमेहनतीचे काम सकाळीच उरकावे. दमेकऱ्याने दुपारी घरात थांबावे. पिकालाही हा वायू सोडत नाही. पानांच्या बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि वाढ खुंटवतो. गव्हाला तो फार बाधतो.

"डोंगर जाळला की गवत जोमाने येते," असे काही जाणती माणसे म्हणतात. काळ्या जमिनीवर हिरवा कोंब उठून दिसतो, एवढे खरे. पण पहिल्याच वळवाच्या पावसात उघडी माती ओढ्याला जाते, ते कोणी मोजत नाही.

होळीच्या आधी डोंगराच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढतात. यंदा आपल्या शिवाराच्या बाजूला ती कोणी आणि कधी काढायची, ते आज इथेच ठरवू. बोला.