घरात पडदे किती हवेत?

मंडळी, परवा यावरून आमच्या घरी वाद झाला. घरात एक फोन आहे. एक 8 इंची टॅब आहे, एक 10 इंचीही आहे. एवढे हवेत कशाला?

पडदा कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. घडण सारखी असेल तर 10 इंची पडदा 8 इंचीच्या दीडपट भरतो. फोनवर सातबारा उघडला की अक्षरे मुंगीएवढी. मग कोणाला तरी म्हणायचे, "लेका, एवढे वाचून दाखव." मोठ्या टॅबवर तो आम्ही स्वतः वाचला. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून तसाच होता, तो तेव्हा दिसला! तेव्हा मोठा राहील.

फोन तर हवाच. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. आमच्या टॅबांत सिम नाही. फोनचा हॉटस्पॉट लावावा तेव्हा त्यांना इंटरनेट मिळते.

राहिला लहान टॅब. तो पेटीत पडून, बॅटरी पार उतरलेली. फार दिवस तशीच राहिली तर ती खराब होते. मुलांची आई म्हणाली, "विकून टाका, बियाण्याला पैसे होतील." थोरली म्हणाली, "अन् दोघांचा अभ्यास एकाच वेळी आला तर?" तिचेही खोटे नाही. पाऊस लागेपर्यंत ठेवायचे ठरले. तोवर तो कोण किती वेळा घेतो, त्याच्या रेघा भिंतीवर खडूने मारतो आहोत.