थंडी एकाएकी पळाली तर



पूस-माघात आपल्या उमरीकडं थंडी कडाक्याची पडते. उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ कोरं असतं. पहाटे शेकोटी सोडवत नाही. मग एके दिवशी वारा फिरतो. आभाळ भरून येतं. रात्री गोधडी नकोशी होते. म्हातारी माणसं म्हणतात, "बरं झालं बाई, थंडी गेली!"

मी म्हणतो, जरा थांबा. दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब रात्री वर निघून जाते. ढग आले की ती अडते. म्हणजे आभाळानंच आपल्यावर गोधडी घातली. पण ही गोधडी कधी कधी फाटते.

हिवाळ्यात दूर भूमध्य समुद्राकडून वाऱ्याचे मोठे भोवरे इराणवरून उत्तर भारतात येतात. त्यांची ओढ कधी आपल्यापर्यंत पोचते. त्याच वेळी समुद्रावरून ओला, उबदार वारा येतो. वर गार हवा, खाली ओली ऊब. मग गडगडाट सुरू होतो. पाण्याचे थेंब वाऱ्याच्या लोटानं उंच जातात नि तिथं गोठतात. त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात. जड झाले की कोसळतात. तीच गार. मोठी गार फोडून पाहा, कांद्यासारखे थर दिसतील.

२०१४ साली फेब्रुवारीच्या शेवटी नि मार्चमध्ये मराठवाड्यात असंच झालं. काढणीला आलेला गहू, हरभरा, ज्वारी आडवी झाली. जनावरं मेली. माणसंही दगावली.

दर ढगाला गारा पडत नाहीत, हे खरं. तरी हरभरा कापून रानात पडला असेल, तर आभाळ येताच गोळा करा. खाली तुराट्या घाला, वर ताडपत्री घाला, कडेला दगड ठेवा. पंचांग नंतर पाहा.

वीज उंच वस्तूवर पडते. म्हणून एकट्या झाडाखाली उभं राहू नका, बैलही बांधू नका. पक्कं घर गाठा. घर लांब असेल तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. आडवं मात्र पडू नका.

पुण्याच्या हवामान संस्थेनं मोबाइलवर 'दामिनी' नावाची सोय केली आहे. आसपास वीज पडत असेल तर ती सांगते. पण गुरामागं गेलेल्या पोराजवळ मोबाइल नसतो. त्याला बोलवायला कुणीतरी शिवारात जावं, तेही पहिल्या गडगडाटाच्या आधी.