थकलेल्या बैलाची निगा



भोर-वेल्ह्यात भाताची लावणी उरकली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. "साहेब, बैल थकला. आता याचं काय करायचं?" पूर्वी थकलेला बैल बाजारची वाट धरी. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे. तेव्हा दहा-बारा वर्षं आपली खाचरं तुडवलेलं जनावर दावणीलाच राहणार, हे धरून चाललं पाहिजे. त्याचे हाल होऊ नयेत आणि आपल्यालाही परवडावं, असं त्याला कसं सांभाळायचं ते आज पाहू.

हिरडस मावळातल्या एका वाडीवर गेलो होतो. घरचे आजोबा म्हणाले, "पेंढा पुढ्यात असतो, तरी बैल वाळत चाललाय. वय झालं, दुसरं काय!" गव्हाणीत पाहिलं तर अर्धवट चावलेल्या पेंढ्याचे गोळे पडलेले. तोंड उघडलं, तर पुढचे दात झिजून खुंट झालेले आणि दाढा वेड्यावाकड्या. बैल वयानं वाळत नव्हता, उपाशी राहून वाळत होता.

चारा : म्हाताऱ्या जनावराला अख्खा पेंढा टाकू नका. बारीक कुट्टी करून, पाणी शिंपडून द्या. भाताच्या पेंढ्यात मुळातच पोषण कमी. म्हणून १०० किलो पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडावा आणि हवा लागणार नाही असा २१ दिवस दाबून झाकून ठेवावा. काढल्यावर तासभर पसरून वास जाऊ द्यावा, आणि सुरुवातीला थोडा-थोडाच द्यावा. युरियाचं पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका, ते विष आहे. जोडीला थोडा हिरवा चारा, किलोभर भिजवलेला भरडा व पेंड, ५० ग्रॅम क्षारमिश्रण आणि ३० ग्रॅम मीठ रोज द्या.

गोठा : आपल्याकडचा पाऊस सांगायला नको. ओल्या जागी बसून म्हाताऱ्या बैलाचे सांधे धरतात, खुरं कुजतात. जमिनीला उतार ठेवा, खाली भाताचं तूस किंवा वाळलेला पाला पसरा. वाढलेली खुरं जाणकाराकडून कापून घ्या. बैल उठेनासा झाला, तर दर दोन-तीन तासांनी कूस बदला, नाहीतर अंगाला जखमा पडतात.

आजार : लाळ-खुरकत आणि घटसर्पाच्या लसी चुकवू नका. म्हातारा म्हणून त्याला वगळायचं नाही. एकाच नाकपुडीतून रक्त येणं, डोकं एका बाजूला झुकवणं, शिंग हलणं ही शिंगाच्या कर्करोगाची लक्षणं असू शकतात. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर जनावर वाचू शकतं. लंगडणाऱ्या बैलाला माणसांच्या दुकानातलं डायक्लोफिनॅक देऊ नका. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण असं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाऊन गिधाडं मरतात. मेलॉक्सिकॅमसारखं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं मिळतं.

काम : नांगर आणि चिखलणी बंद करा, पण बैल दिवसभर बांधूनही ठेवू नका. सकाळ-संध्याकाळ मोकळा फिरवा, म्हणजे पाय आखडत नाहीत.

आता परवडण्याचं. रोज १० किलो शेण धरलं तरी वर्षाला साडेतीन टनांवर जातं. मूत्र वाया न घालवता खड्ड्यात वळवलं, तर खाचराला घरचं खत मिळतं आणि चाऱ्याचा काही खर्च निघतो. सगळा निघेल असं मी सांगणार नाही. उरलेलं त्यानं आधीच कमवून ठेवलंय.

आज संध्याकाळी एवढंच करा, म्हाताऱ्या बैलाची गव्हाण चाचपून पाहा. पेंढ्याचे गोळे सापडले, तर उद्यापासून कुट्टी सुरू करा.